आतली सावली

६ जानेवारी, सोमवार

औषध कंपनीचा पोरगा डायरी देऊन गेला. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी मी तिच्यात दूधवाल्याचे खाडे मांडते. यंदा जरा लिहावं म्हटलं, कारण आज एका सहा वर्षांच्या मुलीने माझी फजिती केली आणि हे सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

मुलीचं नाव सुकन्या. जामखेडच्या पुढच्या वाडीतली. आईबाप दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेले. ही दोन्ही वेळ जेवते शाळेतल्या हंगामी वसतिगृहात आणि झोपायला आजीकडे जाते. शाळेच्या आरोग्य तपासणीत वजन उतरलेलं निघालं. संध्याकाळी अंग तापतं, खोकला जात नाही. यशया सरांनी छातीचा एक्स-रे लिहून दिला. यशया सर म्हणजे आमच्या दवाखान्याचे डॉक्टर. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान आहेत, पण डॉक्टर म्हटल्यावर सर. ते म्हणाले, टीबी असेल तर आत्ताच कळायला हवा, या वयात तो थांबून राहत नाही.

आजी, रंगुबाई, तिला माझ्या एक्स-रेच्या खोलीपाशी घेऊन आली. मी नेहमीसारखं म्हटलं, "ये बाळा, फोटो काढू." इकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात. गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढायला सांगितली, तर पोरीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "मला न्हाई फोटू काडायचा. मला हार नको."

हार कोण घालतंय हिला? पोत काढायला सांगितली म्हणून हिला वाटलं असेल, मी तिच्या जागी दुसरं काही घालणार. मुलांच्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नाही. समजावलं, दटावलं, शेवटी उचलून आत न्यायला गेले तर मनगटाला चावली. दात अजून दिसतायत. रंगुबाई ओशाळून तिला घेऊन गेली आणि माझी कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायची चपटी पेटी, कोरीच राहिली.

८ जानेवारी, बुधवार

यशया सरांनी माझ्या मनगटाला औषध लावलं आणि वर हसले. म्हणाले, "मावशी, तिला मशीनची भीती वाटते. जे दिसत नाही त्याचं भय वाटणारच. तुम्ही शाळेत जा आणि पहिली-दुसरीच्या सगळ्याच मुलांना समजावून सांगा, दिसणारा प्रकाश कोणता, न दिसणारा कोणता. तिला एकटीला गाठलंत तर परत चावेल."

मला लहान मुलांशी बोलता येत नाही, हे दवाखान्याच्या शिपायालाही माहीत आहे. माझं आयुष्य गेलं 'श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा' एवढ्याच चार गोष्टी सांगण्यात. त्यात संभाषण असं नसतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. पोरगी तपासायची राहिली तर ती जबाबदारी माझ्या खोलीच्या दारातच अडकून राहील.

९ जानेवारी, गुरुवार

फजिती नंबर दोन.

फळ्यावर लहरी काढल्या. लांब लहरी, आखूड लहरी. 'विद्युतचुंबकीय' हा शब्द लिहिला आणि तो लिहिताना माझाच खडू मोडला. पुढचं एक पोर बसल्या जागी झोपलं. बन्सी नावाच्या दुसरीतल्या मुलाने हात वर केला. "बाई, दिसत न्हाई तर मंग त्यो हाय कशावरून?" मी म्हटलं, शास्त्रज्ञांनी शोधलाय. तो म्हणाला, "त्यास्नी तरी कसा दिसला?" यावर मी घड्याळ बघितलं.

सुकन्या दारापाशी बसली होती, पायांत चपला घालून, पळायची तयारी ठेवून.

त्यांच्या शिक्षिका धनश्रीबाई भल्या आहेत. तिशीच्या असतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही मोठ्यांना सांगता तसं सांगितलंत. मुलांच्या हातात काहीतरी द्या." जेवणाच्या सुट्टीत त्या आपल्या मोबाईलवर आईबापांचे आवाज ऐकवतात, ज्यांनी पाठवले असतील त्यांचे. सुकन्याच्या आईचाही होता, ज्ञानेश्वरी तिचं नाव. दोन शब्द आणि खोकला, पुन्हा दोन शब्द आणि खोकला. पाचटाची धूळ, दुसरं काय. फडात काम करणाऱ्याचा घसा असाच असतो. सुकन्याने तो निरोप परत लावायला सांगितला आणि पोळी तशीच हातात धरून ऐकला.

११ जानेवारी, शनिवार

आज जमलं. जमलं म्हणजे इतकं जमलं की मी परत येताना रिक्षात एकटीच हसत होते.

शेजारच्यांकडून बैल बांधायचं लांब चऱ्हाट मागून घेतलं. पटांगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलं. मुलांना म्हटलं, हा सगळा प्रकाश. मग मधोमध जेमतेम वीतभर जागेत रिबिनी बांधल्या, तांबडी, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, पारवी, जांभळी. "आपल्या डोळ्याला एवढाच दिसतो. बाकीचं चऱ्हाट आहे, पण डोळ्याला कळत नाही."

"मंग बाकीच्यात अंधार आस्तो का?" बन्सीच.

"नाही. तोही प्रकाशच. तुझ्या डोळ्याची तेवढी ऐपत नाही." हे त्याला फार आवडलं. आपल्या डोळ्यांची ऐपत नाही हे तो सगळ्यांना सांगत सुटला.

मग तांबड्या रिबिनीच्या पलीकडे निघालो. वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या झुंबरबाईंनी तवा तापवून, गॅस बंद करून बाहेर आणून ठेवला. तवा काळाच दिसत होता, तांबडा काही नव्हता. पण वीतभर लांब तळहात धरला की गरम लागायचं. तव्यातून जो निघतोय तो पण प्रकाशच, फक्त तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा, कातडीला कळणारा. नंतर टीव्हीचा रिमोट. बटण दाबलं, टोकाकडे बघितलं, काही नाही. तेच धनश्रीबाईंच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला. पोरांनी एकच गलका केला. बन्सीला त्याच्या 'कशावरून'चं उत्तर मिळालं, आणि मग तो रिमोट मला परत मिळेना.

जांभळ्या रिबिनीच्या पलीकडे गेलो. तिथला प्रकाश उन्हातून येतो आणि कातडी काळवंडवतो. मधमाशीला तो थोडा दिसतो, आपल्याला नाही. आणि पार त्या भिंतीपाशी, चऱ्हाटाच्या टोकाकडे, माझ्या खोलीतला. तो कापडातून जातो, मांसातून जातो, हाडाशी अडखळतो.

सुकन्या आज दारात नव्हती. तव्यापाशी होती, रिमोटपाशीही होती. पण चऱ्हाटाच्या त्या टोकाकडे सगळे धावले तेव्हा ती मधल्या रिबिनींपाशीच थांबली आणि तांबडी बोटाला गुंडाळत बसली. एवढं समजल्यावरही कसली भीती उरते कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये आज प्रार्थनेत 'दृश्य आणि अदृश्य' हे शब्द आले. लहानपणापासून म्हणत आलेय. आज पहिल्यांदा त्यांच्यावर अडखळले आणि डोळ्यांपुढे तवा आला. शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं, कारण सगळे बसले होते आणि मी उभीच होते.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीची सुट्टी संपली. ठरल्याप्रमाणे धनश्रीबाई मुलांना माझी खोली दाखवायला घेऊन आल्या. सगळ्यांनी बघितलं की सुकन्याही धीर करेल, असा आमचा बेत होता.

काय थाट. चेहरे पांढरेफटक पावडर लावलेले, केसांना तेल, एकीच्या अंगावर जरीचा परकर. बन्सी चुलत्याचा गॉगल घालून आला होता. 'फोटो काढायच्या खोलीत' जायचं म्हणून सगळे नटले होते. मी सांगितलं की ज्याला गरज आहे त्याचाच काढतात, हा उजेड उगीच अंगावर घ्यायचा नसतो, तेव्हा त्यांची तोंडं उतरली. बन्सी म्हणाला, "मंग फोटू काडायची खोली कशाला म्हनायचं?" तेवढ्यापुरता त्याला कोऱ्या कॅसेटसमोर उभा केला, हात कमरेवर, हनुवटी वर. गॉगल काढायला तयार नव्हता.

सुकन्या आलीच नाही. सकाळी शाळेसाठी निघाली आणि कडब्याच्या गंजीमागे लपून बसली, असं रंगुबाईने फोनवर सांगितलं. "लई धरलं बाई, पर ती म्हन्ती, मी मरनार न्हाई." मरायचं काय काढलंय? आम्ही तर ती बरी व्हावी म्हणून धडपडतोय.

यशया सर आज हसले नाहीत. तिचं वजन आणखी उतरलंय.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी मीच वाडीला गेले. सोबत माझी स्वतःची फिल्म घेतली होती, आमची दरवर्षी तपासणी होते त्यातली. म्हटलं, दाखवू तिला.

रंगुबाईचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं, सारवलेलं. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातलेला. पुंजाराम. चेहरा मला ओळखू येईना. मला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि फिल्मवरून जास्त आठवतात.

"कधी गेले?"

"मागल्या वर्सी," रंगुबाई चहा गाळता गाळता म्हणाली. "तुमच्याच दवाखान्यात छातीचा फोटू काडला हुता की. आठ दिसांत गेले. मंग ह्यो फोटू लावला."

तेव्हा आठवले. हृदय डावीकडे पसरलेलं, फार उशिरा आलेले. आणि त्याच क्षणी बाकीचंही कळलं. दारामागून सुकन्या माझ्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत होती. दवाखान्यात आजोबांचा फोटो काढला. मग आजोबा गेले. मग फोटो भिंतीवर लागला आणि त्याला हार घातला. पोरीला ना मशीनची भीती होती, ना न दिसणाऱ्या उजेडाची. ती मला पहिल्याच दिवशी दारात उभी राहून सांगत होती, आणि मी तिला चऱ्हाट दाखवत बसले. चूक तिची नव्हती, शब्दाची होती, आणि तो शब्द मी दिवसभर तोंडात घोळवते.

मला फार वाईट वाटलं. चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मी फिल्म काढून दारातल्या उजेडात धरली.

"ह्ये कोन?" तिने आतूनच विचारलं.

"मी."

"तुमी तर हितं हाय."

"हो. हे मागच्या पावसाळ्यातलं. मी अजून इथेच आहे. चहा पितेय."

"मंग हार?"

"मला हार घालणारं घरात कोणी नाही, आणि इतक्यात मी कोणाला घालूही देणार नाही."

ती बाहेर आली. फिल्मवरच्या माझ्या बरगड्या बोटाने मोजायला लागली. मी तिला अंगणात नेलं. ऊन होतं. तिच्या हातात पाण्याची रिकामी बाटली दिली, माझ्या हातात काठी घेतली. बाटलीची सावली फिकी पडली, काठीची गडद. "उजेड जिथून आरपार जातो तिथे फिकी, जिथे अडतो तिथे गडद. माझ्या खोलीतला न दिसणारा उजेड मांसातून आरपार जातो आणि हाडाशी अडतो. मग कोणाची सावली पडेल?"

"हाडांची."

"ही तीच. भिंतीवरचा आजोबांचा फोटो दिसणाऱ्या उजेडाने काढलाय. चेहऱ्यावरून उजेड परतला आणि कॅमेऱ्यात गेला. त्यात माणूस बाहेरून दिसतो. ही सावली आहे. माणूस मेला काय, जगला काय, तिला त्याचं काही नाही. आजोबा आधीपासूनच फार आजारी होते. सावलीमुळे नाही गेले."

तिने फिल्म उन्हात धरली. "सावली काळी आस्ती. ही पांडरी कशी?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी जरा विचार करून म्हटलं, "या फिल्मला त्या उजेडाचं ऊन लागतं. जिथे लागलं तिथे ती काळी पडते, जिथे हाड आडवं आलं तिथे गोरी राहते. उन्हात काम करणाऱ्याचा हात काळवंडतो, पण बांगड्यांखालचा पट्टा गोराच राहतो की नाही?"

"आईच्या हाताला तसं हाय," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "मंग ह्येला फोटू का म्हन्ता? आतली सावली म्हनायचं."

चहा पार निवला होता, तो तसाच प्यायले.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी दार उघडायच्या आधी सुकन्या आणि रंगुबाई पायरीवर बसलेल्या. मला बघून पोरगी उठली. "सावली पाडाया आले."

पोत स्वतःच काढून आजीच्या हातात दिली. स्टुलावर चढली, छाती कॅसेटला टेकवली, हात कमरेवर घेतले. मी म्हटलं, श्वास घे, धर, हलू नकोस. मोठी माणसं हलतात, फौजेतून आलेली माणसं हलतात, ही हलली नाही. मी 'सोड' म्हणायला जरा विसरले, तर तशीच गाल फुगवून उभी.

रंगुबाईचाही एक्स-रे सरांनी लिहून दिला होता. तिने विचारलं, "माजा बी फोटू काडायचा?" सुकन्याने तिला दुरुस्त केलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

उजव्या बाजूला वरती डाग आहे. मला सोमवारीच दिसला होता, पण ते सांगायचं काम माझं नाही, म्हणून इथेही लिहिलं नाही. लहान मुलांना बेडका थुंकता येत नाही, ती तो गिळतात, म्हणून पोटातलं पाणी नळीने काढून तपासायला पाठवलं होतं, त्यात टीबीचे जंतू सापडले. सरांनी रंगुबाईला नीट बसवून सांगितलं, सहा महिने औषध, एक दिवसही चुकवायचं नाही, पोरगी पूर्ण बरी होते. लवकर सापडलंय. 'लवकर' हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटला, आणि मला उगीचच चष्मा पुसावा लागला.

सरांनी विचारलं, "घरात कोणाला खोकला? लहान मुलाला हा आजार बहुतेक घरातल्या मोठ्या माणसाकडूनच लागतो." रंगुबाईची छाती साफ आहे. ती म्हणाली, "घरात हाय कोन? मी आन् ही." सरांनी कागदावर लिहिलं की आईबाप उन्हाळ्यात परत आले की त्यांनाही तपासायचं. मलाही तेच बरोबर वाटलं. घर तर रिकामंच आहे.

३० जानेवारी, गुरुवार

आज शाळेत गेले होते, गोळ्या सुरू झाल्यावर पोरगी कशी आहे ते बघायला. भूक लागायला लागलीय म्हणे. झुंबरबाईंशी भाजी वाढण्यावरून भांडली, हे त्या कौतुकाने सांगत होत्या.

धनश्रीबाईंनी बेलापूरकडच्या फडात व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडे ज्ञानेश्वरी, डोक्याला फडकं बांधलेली, मागे उसाचा ढीग. शेजारी नवरा अंगद मोळी बांधत होता. सुकन्याने आपली फिल्म शाळेच्या खिडकीच्या काचेला लावली आणि मोबाईल तिच्यासमोर धरला.

"आई, ही मी."

ज्ञानेश्वरी बघतच राहिली. "आगं, बरगड्या दिसाय लागल्यात की. जेवती न्हाईस व्हय गं? आजी देत न्हाई का तुला?"

"सगळ्यांच्याच दिसत्यात ह्याच्यात," सुकन्या म्हणाली. मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तशी. "बाईंच्या बी दिसत्यात, त्या तर जाड हायत. ह्यो न दिसनारा उजेड आस्तो. मांसातून जातो, हाडाला थटतो. मंग हाडाची सावली पडती. त्या सावलीत डाग हाय, त्याला गोळ्या हायत. फोटू न्हाई ह्यो."

"दुखलं का गं?"

"न्हाई. नुस्ता श्वास धरायचा. तू धरून बग. मी सांगते तशी." तिने मोबाईल धनश्रीबाईंकडे दिला, कमरेवर हात ठेवले आणि हनुवटी वर केली. "आशी उभी ऱ्हा. श्वास घे. धर. हलू नको."

ज्ञानेश्वरी हसली आणि उभी राहिली. उसाच्या फडात, कमरेवर हात ठेवून. सुकन्या मोजायला लागली. एक. दोन. तीनच्या आत तिचा श्वास फुटला आणि ती खोकायला लागली. वाकून खोकली, फडकं तोंडाला लावून खोकली. थांबेचना. अंगद मोळी सोडून तिच्याजवळ आला.

"तुला येत न्हाई," सुकन्या म्हणाली. "हितं ये. बाई शिकिवत्यात."

मी हा खोकला आधी ऐकला होता, याच शाळेत, याच मोबाईलवर, आणि त्याला धूळ म्हणून मोकळी झाले होते. छात्या बघण्यात जन्म गेला, आणि सहा वर्षांच्या मुलीने श्वास धरायला सांगेपर्यंत मला ऐकू आलं नाही. मी मोबाईल हातात घेतला. किती दिवसांपासून आहे विचारलं. "पावसाळ्यापास्नं," अंगद म्हणाला. "आमाला वाटलं, धुळीचा." मी म्हटलं, मलाही तेच वाटलं. मग यशया सरांना तिथूनच फोन लावून दोघांना बोलायला दिलं.

अंगद तिला उद्या पहाटेच्या एसटीत बसवून देतोय. तिकडच्या सरकारी दवाखान्यातही होईल, असं सर म्हणाले होते, पण ज्ञानेश्वरीने ऐकलं नाही. म्हणाली, पोरगी म्हन्ती तिथंच येते.

परवा सकाळी पहिला नंबर तिचा. सुकन्याने मला बजावून ठेवलंय की आईला 'हलू नको' ती स्वतः सांगणार, मी बटण दाबते त्या काचेमागून, माझ्या शेजारी उभी राहून. मी हो म्हटलंय. स्टूल पुसून काचेमागे ठेवलं आहे, नाहीतर तिला पलीकडची आई दिसायची नाही.